तान्हे बाळ रात्री वारंवार का उठते, आणि अशा वेळी घराने काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात पहिले बाळंतपण अजूनही बहुधा माहेरीच होते. शेक-शेगडी, हळिवाचे लाडू, सकाळी न्हाऊ घालायला येणारी बाई आणि दिवसभर डोकावून जाणाऱ्या आत्या, मामी, शेजारणी यांत सव्वा महिना निघून जातो. या काळात बाळ रात्री तीनतीनदा, चारचारदा उठून रडू लागले, की घरातून पहिला निष्कर्ष निघतो तो असा, की आईचे दूध पुरत नाही. मग पावडरच्या दुधाचा डबा येतो, बाटली येते, आणि आधीच जागरणाने थकलेल्या मुलीच्या मनात आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत ही समजूत घर करते. म्हणून आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे, की पहिल्या काही महिन्यांत बाळाने रात्री उठणे एवढ्यावरून दूध कमी आहे असे ठरत नाही. त्याच्या मेंदूची आणि पोटाची जी वाढ त्या वयात झालेली असते, तिला धरूनच ते उठते. घराला हे पटले, तर बाळाला कसेही करून झोपवण्याच्या खटाटोपातून सुटून आईला सलग झोप कशी मिळेल याचा विचार करता येतो, आणि माझ्या मते नव्या आईबापांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोप हवी असते, आणि चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला १२ ते १६ तास. आकडा मोठा दिसला, तरी ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते, तर तान्ह्याचे ५० ते ६० मिनिटांचे. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी झोप पातळ होते. आपण अशा वेळी कूस बदलून पुन्हा झोपतो, बाळाला मात्र ते अजून जमत नसते. शिवाय नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप चंचल असते. त्या झोपेत पापण्यांखाली बुबुळे हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, बाळ कुंथते, हातपाय झाडते आणि मध्येच हसते. सटवाई बाळाला हसवते आणि रडवते असे आपल्या आज्या म्हणत आल्या, ते याच झोपेचे वर्णन आहे. मोठी माणसे डोळा लागल्यावर लवकरच शांत, गाढ झोपेत जातात. नवजात बाळ मात्र आधी या चंचल झोपेत शिरते आणि त्यानंतर काही वेळाने गाढ झोपते. खांद्यावर झोपलेले बाळ खाली ठेवताच दचकून उठते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यातून एक साधी, पण फार उपयोगी गोष्ट निघते. रात्री बाळाचा बारीक आवाज आला, की लगेच दिवा लावून त्याला उचलू नये. थोडा वेळ थांबून पाहावे. पुष्कळदा ते झोपेतच कुरकुरत असते आणि आपण उचलल्यामुळे खरोखर जागे होते. खरी भूक असेल, तर ते तोंड वळवून शोधू लागते, मुठी तोंडात घालते, आणि त्यानंतर रडते. त्यामुळे या थांबण्यात बाळावर अन्याय होत नाही.

दिवस आणि रात्र यांतला फरकही बाळाला जन्मतः कळत नाही. पोटात असताना आईच्या शरीराच्या लयीचा त्याला आधार असतो. जन्मल्यावर स्वतःची लय बसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. ती बसवण्याचे मुख्य काम उजेड करतो. आपल्याकडे बाळंतिणीची खोली दिवसाही खिडक्या लावून, पडदे ओढून अंधारी ठेवण्याची पद्धत आहे, आणि जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर-जांबोटीकडच्या पावसात तर घरात तसाही उजेड कमीच येतो. वारा लागू नये हा हेतू समजण्यासारखा आहे, पण त्या अंधारामुळे बाळाला दिवस ओळखण्याची संधी मिळत नाही. दिवसा खोलीत उजेड येऊ द्यावा, घरातले बोलणे आणि भांड्यांचे आवाज नेहमीसारखे चालू द्यावेत; वडगावच्या विणकर घरांत मागाचा खडखडाट ऐकतच कित्येक बाळे दिवसाची झोप काढतात. रात्री याच्या उलट वागावे: मंद दिवा, कमी बोलणे, दूध पाजून झाल्यावर खेळवणे नाही, आणि मोबाइलचा उजेड बाळाच्या तोंडावर पडू देणे नाही. रात्रीच्या आईच्या दुधात मेलॅटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक दिवसापेक्षा अधिक असते, त्यामुळे अंगावर पाजण्यातूनही बाळाला रात्रीची खूण मिळत राहते.

आता दुधाविषयी. आईचे दूध लवकर पचते आणि बाळाचे पोट लहान असते, म्हणून चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिणे हे नेहमीचेच आहे. दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री अधिक असते. सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचे पाजणे बंद करून वरचे दूध दिले, तर आईचे दूध खरोखरच कमी होऊ लागते, आणि मग घराचा पहिला अंदाज बरोबर होता असे सर्वांना वाटते. दूध पुरते आहे की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. लघवी आणि वजन यांवरून ठरवावे. पाचव्या दिवसानंतर बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा स्वच्छ लघवी होत असेल, पहिल्या दिवसांत थोडे घटलेले वजन दोन आठवड्यांच्या आत भरून आले असेल आणि त्यानंतर दर आठवड्याला साधारण १५० ते २०० ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरते आहे. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या आईच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट द्यायची असते. तिच्याकडून वजन करून घ्यावे आणि ते तायी कार्डावर, म्हणजे कर्नाटकात आई-बाळाच्या नोंदींसाठी मिळणाऱ्या सरकारी कार्डावर, लिहून घ्यावे. कार्डावरचा मजकूर कन्नडमध्ये असतो म्हणून पुष्कळ मराठी घरांत ते कपाटातच पडून राहते. प्रत्येक रकान्याचा अर्थ आशाताईंना विचारून घेण्यात संकोच बाळगू नये, कारण सासूबाई, शेजारीण आणि बाळाची आई यांचे तीन वेगळे अंदाज एका वजनाच्या नोंदीपुढे मिटतात.

दिवेलागणीचे रडणे हा वेगळा विषय आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. बाळाचे रडणे पहिल्या आठवड्यांत वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते, संध्याकाळी अधिक होते आणि पुढे उतरत जाते, असे त्या नोंदींतून दिसले. तिसरा-चौथा महिना येईपर्यंत बहुतेक घरांत ते ओसरते. कातरवेळी बाळ असे कळवळून रडू लागले, की आपल्याकडे मीठ-मोहरी-मिरच्या उतरवून दृष्ट काढतात. आजीच्या मनाला त्याने धीर येत असेल, तर दृष्ट काढण्यास हरकत नाही. पण त्या मिरच्या बाळाच्या खोलीत जाळू नयेत, कारण तो ठसका तान्ह्याच्या छातीला सोसत नाही.

रडणारे बाळ शांत करण्याचे जुने उपाय बहुतांशी शरीरशास्त्राला धरूनच आहेत. छातीशी धरणे, थोपटणे, गुणगुणणे, खोलीत येरझाऱ्या घालणे यांनी बाळाच्या हृदयाची गती खाली येते. जपानमधील रिकेन या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी २०२२ साली यावर एक नेमका उपाय सुचवला. बाळाला घेऊन पाच मिनिटे एका लयीत, न थांबता चालावे, ते झोपल्यावर लगेच खाली न ठेवता पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे, मग ठेवावे. अंगापासून वेगळे होण्याच्या क्षणी बाळ जागे होते आणि झोप थोडी मुरल्यावर तो क्षण त्याला सोसतो, असे त्यांना दिसले. अंगाई मराठीत म्हणावी की शेजारच्या अज्जीने शिकवलेले कन्नड जोगुळ म्हणावे, यावर आपल्या घरांत कधी कधी चर्चा होते. बाळाला दोन्ही चालतात. जन्मानंतर काही दिवसांतच बाळ आईचा आवाज परक्या आवाजाहून वेगळा ओळखते, हे १९८० साली प्रयोगाने सिद्ध झाले आहे, आणि त्या वयात त्याला शब्दांपेक्षा आवाज आणि लय अधिक पोहोचते.

एवढे करूनही रडणे थांबले नाही, तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जाणे, पाणी पिणे, दुसऱ्या कोणाला हाक मारणे यात काहीही गैर नाही. संतापाच्या भरात तान्ह्याला गदागदा हलवणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण त्याची मान कमकुवत असते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः बाळ सांभाळणाऱ्या मोठ्या भावंडांना, शांतपणे सांगून ठेवावी.

झोपण्याच्या जागेविषयी आपल्या घरांत अधिक काळजी घ्यायला हवी. पहिल्या वर्षात प्रत्येक झोपेला बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर ठेवावे. कुशीवर नको, पालथे तर मुळीच नको. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याचा प्रचार देशभर सुरू झाला आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून कमी झाले. एवढा साधा आणि एवढा परिणामकारक उपाय बालआरोग्यात क्वचितच सापडतो. डोके गोल यावे म्हणून दिली जाणारी मोहरीची उशी काढून टाकावी, आणि त्याऐवजी बाळ जागे असताना, समोर कोणी बसलेले असताना, दिवसातून काही वेळा त्याला पालथे ठेवावे. त्याने डोक्याच्या मागच्या भागावरचा दाबही कमी होतो आणि मानही धरू लागते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी बोचरी असते हे खरे, पण जाड वाकळ बाळाच्या अंगावर टाकली, तर ती तोंडावर येण्याची भीती असते. अंगात एक कपडा जास्त घालावा आणि दुपटे काखेपर्यंतच घ्यावे. बाळाला ऊब पुरते की नाही हे हातपाय चाचपून कळत नाही, कारण ते गारच लागतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून पाहावे. दुपट्यात गुंडाळायचे असेल, तर पाय मोकळे हलतील एवढी जागा ठेवावी, आणि बाळ कुशीवर वळण्याचा प्रयत्न करू लागताच गुंडाळणे थांबवावे.

साडीची झोळी हा आपल्याकडचा सर्वांत सोयीचा पाळणा आहे, आणि बाळ तिच्यात पटकन शांत होते याचा अनुभव बहुतेकांना आहे. अडचण अशी, की झोळीत पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकली, तर लहान बाळाची श्वासाची वाट अरुंद होते, विशेषतः पहिल्या तीन-चार महिन्यांत आणि कमी वजनाच्या बाळात. म्हणून झोळीत झोपलेल्या बाळाजवळ जागे माणूस असावे, हनुवटी व छाती यांच्यात दोन बोटांचे अंतर आहे हे पाहावे, आणि रात्रीच्या लांब झोपेसाठी त्याला सपाट अंथरुणावर घ्यावे. आईच्या खोलीत, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतंत्र अंथरुणावर अशी व्यवस्था पहिले सहा महिने सर्वांत सुरक्षित मानली जाते. जमिनीवर गाद्या घालून सगळे शेजारी झोपतात अशा घरांत ती करणे अवघड नाही. बाळाची सतरंजी थोडी वेगळी घालावी एवढेच. बाळ आईच्याच अंथरुणात असेल, तर तिथे उशा आणि जाड पांघरुणे नसावीत, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा दारू प्यालेल्या माणसाने त्या अंथरुणात कधीही झोपू नये. डासांसाठी कॉइल लावण्यापेक्षा मच्छरदाणी बरी.

सव्वा महिन्यातल्या शेगडीविषयी तर आवर्जून लिहिले पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी रात्रभर धुमसत ठेवली, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या आईबाळाला तो कळण्याआधीच गुंगी येते. शेक घ्यायचा तर खिडकी उघडी ठेवून घ्यावा आणि शेगडी लगेच बाहेर न्यावी. न्हाणे झाल्यावर दिली जाणारी धुरी बंद करावी. न्हाऊ घालणे, तेल लावून हलक्या हाताने चोळणे मात्र जरूर ठेवावे. त्यानंतर बाळ लांब झोपते आणि त्याच वेळेत आईनेही झोपून घ्यावे, नाक-कानात तेल तेवढे सोडू देऊ नये. झोपेसाठी गुटी, ग्राइप वॉटर किंवा कोणाच्या सांगण्यावरून आणलेले औषध देऊ नये. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, आणि मध तर वर्षभर चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला जात, त्या काळी बाळ निजून राहावे म्हणून अफूची बाळागोळी दिली जाई. त्या आयांना दुसरा मार्ग नव्हता, पण गुंगीने आलेले निपचितपण ही झोप नव्हे हे आज आपल्याला ठाऊक आहे.

आता आईची झोप. तुकड्यातुकड्यांनी झालेल्या आठ तासांपेक्षा सलग चार तास मेंदूला अधिक सावरतात, असा बहुतेक आयांचा अनुभव आहे. पाजण्याचे काम आईनेच करायचे असले, तरी ढेकर काढणे, लंगोट बदलणे, जोजवणे आणि खाली ठेवणे ही चारही कामे दुसरे कोणीही करू शकते. रात्री नऊला पाजून आईने दुसऱ्या खोलीत झोपावे, आणि बाळ भुकेने उठेपर्यंत ते आजीने किंवा बाबाने सांभाळावे. दूध चांगले येऊ लागल्यावर काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने देता येते. ते साधारण २५ अंशांपर्यंतच्या हवेत चार तास टिकते, उन्हाळ्यात मात्र लवकर वापरावे. बाळंतविडा घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना दुपारी दोन ते चार येऊ नका असे सांगण्याची जबाबदारी बाळंतिणीवर टाकू नये, ती तिच्या आईने किंवा भावाने घ्यावी.

बाबांबद्दल थोडे परखड लिहितो. बायको माहेरी असताना नवरा रविवारी येतो, बाळाला मांडीवर घेतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी परत जातो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणाऱ्याला रोज येणे शक्य नसेल; पण शनिवारची रात्र तो माहेरच्या घरी राहून काढू शकतो, आणि त्या रात्री बाळाची जबाबदारी त्याची असली पाहिजे. जावयाने लंगोट बदलणे सासऱ्यांना पहिल्यांदा अवघडल्यासारखे वाटेल. तो संकोच दोन-तीन आठवड्यांत जातो. बाळाचा स्पर्श ओळखायला बाप शिकला, तर ते कौशल्य मात्र पुढे कायम त्याच्या उपयोगी पडते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे, चिडचिड होणे हे पुष्कळ जणींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळ झोपले असतानाही झोप येईना, कशातच मन लागेना, बाळाकडे पाहून काहीच वाटेना किंवा सतत भीती वाटू लागली, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात बाळंतपणानंतर सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार, मुख्यतः नैराश्य, होते. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणजे आपल्या गल्लीतल्या ज्या बाळंतिणी आपण पाहतो, त्यांपैकी पाचांमागे एक. तिला 'आमच्या वेळी एवढी पोरं झाली, कधी असं झालं नाही' असे ऐकवणे थांबवले पाहिजे. १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत उपचार मिळतात आणि बंगळुरूच्या निमहान्स या तशाच राष्ट्रीय संस्थेत आईला बाळासह दाखल करून घेण्याचा स्वतंत्र विभाग आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार मनात येत असेल, भास होत असतील, बोलणे असंबद्ध झाले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तोपर्यंत तिला एकटे सोडू नये.

बाळाच्या बाबतीतही काही लक्षणांत वाट पाहू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप, दूध ओढणे बंद होणे, उठवूनही न उठणे, हिरवी उलटी, झटके, मिनिटाला साठहून अधिक श्वास किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे, यांपैकी काहीही दिसले, तर १०८ वर फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

तिसऱ्या किंवा पाचव्या महिन्यात बाळ सासरी जाते, आणि नेमक्या त्याच सुमारास त्याच्या झोपेची घडण बदलत असते. चौथ्या महिन्याच्या आसपास ती मोठ्यांच्या झोपेसारखी टप्प्याटप्प्यांची होऊ लागते, त्यामुळे थोडे बरे झोपू लागलेले बाळ पुन्हा रात्री उठते. जागा बदलली, पाणी बदलले, माहेरी लाडावले असे सासरच्यांना वाटते. माहेरहून निघताना लुगडे-ओटीबरोबर बाळाच्या सवयींची माहितीही सासूबाईंना द्यावी: ते कोणत्या वेळी पेंगते, कोणत्या गाण्याने शांत होते, झोप आल्यावर कान ओढते की तोंड फिरवते. झोपण्याआधीचा क्रम, म्हणजे अंग पुसणे, कपडे बदलणे, पाजणे, गाणे, दिवा मंद करणे, दोन्ही घरांत एकच ठेवावा. आणि बाळ पूर्ण झोपण्याआधी, डोळे जड असतानाच, अधूनमधून अंथरुणावर ठेवून पाहावे, म्हणजे मध्यरात्री जाग आल्यावर ती जागा त्याला अनोळखी वाटत नाही. कॅनडातल्या बाळांवरील, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांची ३८ टक्के बाळे रात्री सलग सहा तास झोपत नव्हती, आणि वर्षाची झालेल्यांपैकीही २८ टक्के. सहा महिन्यांनंतर बाळाला हळूहळू स्वतः झोपायला शिकवणाऱ्या सौम्य पद्धती ज्यांना वापराव्याशा वाटतात, त्यांनी खुशाल वापराव्यात. ऑस्ट्रेलियात अशा कुटुंबांचा पाच वर्षे पाठपुरावा झाला, त्यात २०१२ साली मुलांवर दूरगामी वाईट परिणाम आढळला नाही आणि दूरगामी फायदाही आढळला नाही. त्यामुळे ज्यांना त्या पद्धती नको वाटतात आणि जे बाळाला कुशीजवळ थोपटूनच झोपवतात, त्यांचे बाळ त्यापायी मागे पडत नाही.